गुरुवारचं पिंपरी-चिंचवड: पाहुण्यांना काय दाखवायचं, काय नाही

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. भोसरी, पिंपरी, चाकण, इथल्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. त्यामुळे घर बघणं, दाढ काढणं, लग्नाची बोलणी, सगळं गुरुवारी. म्हणून उदगीरहून मामांचा फोन आला, "पोरगी, तिची आई आन मी, तिघं येतो. शहर बगतो, घर बगतो, मग बोलू," तेव्हा मी पटकन म्हणाले, "गुरुवारी या."

मामा म्हणजे अश्विनीचे मामा. अश्विनी म्हणजे माझ्या भावासाठी, महेशदादासाठी, सांगून आलेली मुलगी. फोटो पसंत होते, बायोडाटा पसंत होता. फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं.

पिंपरी-चिंचवड एका दिवसात कसं दाखवायचं, असं ब्लॉगवर मला अधूनमधून विचारतात. खरं तर इथे माणसं कामाला येतात, राहायला येतात, बघायला कोणी येत नाही. पण गावाकडून पाहुणे येतात आणि त्यांना काहीतरी दाखवावंच लागतं. त्यांच्यासाठी हा आमचा पूर्ण मार्ग. वाटेत मी एक मोठी चूक केली, तीही लिहिते. त्याआधी आणखी एक केली होती. ती आधी सांगते.

बायोडाटा मी लिहिला होता. बीए मराठी, दोन दिवाळी अंकांत कथा, त्यामुळे घरातलं सगळं लिहिणं माझ्याकडे. अर्ज, तक्रारी, लग्नपत्रिका. दादाच्या बायोडाटात मी लिहिलं: नोकरी, नामांकित वाहन कंपनीत, चाकण (कायम).

दादा सहा वर्षं त्याच कंपनीत, त्याच लाइनवर आहे हे खरं. कायम नाही. तो ठेकेदाराचा माणूस आहे. सहा-सात महिन्यांनी गेटपास संपतो, मग पंधरा दिवस घरी, मग नवा पास. दादा म्हणाला होता, "रेणू, कंसातलं काढ." मी म्हणाले, "काढलं तर पुढचं कोणी वाचणारसुद्धा नाही." आधीच्या चार ठिकाणांहून फोनवर एकच प्रश्न आला होता, पर्मनंट आहे का? पाचव्या ठिकाणी तो प्रश्न आलाच नाही. उत्तर आधीच कागदावर होतं.

तर मार्ग आखताना मला दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. पाहुण्यांचा दिवस सुखात जावा. आणि गाडी चाकणकडे वळू नये.

गाडी आमच्या घरमालकांची, बाळूकाकांची. काका दिघीचे मूळचे. शेती गेली, चाळी आल्या, आणि बसून कंटाळा येतो म्हणून एर्टिगा घेतली. तुम्हाला बाहेरून गाडी करायची असेल तर दिवसाचे तीन हजारांच्या आसपास धरा, सीएनजी गॅस आणि पार्किंग त्यातच का वेगळं ते आदल्या दिवशीच विचारून घ्या. काकांनी आमच्याकडून फक्त गॅसचे घेतले. अडचण एकच. काका बोलतात. आणि दादाचा पास कधी संपतो हे त्यांना तोंडपाठ आहे, कारण त्या महिन्यात आम्ही भाडं थोडं उशिरा देऊ का म्हणून विचारतो.

"काका, दादाच्या नोकरीचं कोणी काही विचारलं तर..."

"मी कशाला बोलतोय? मी गाडीवाला हाय."

बस सकाळी साडेसहाला नाशिक फाट्याला आली. ट्रॅव्हल्सवाले हायवेच्या कुठल्या बाजूला सोडतील याचा नेम नसतो, म्हणून पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की उतराल तिथेच थांबा, रस्ता ओलांडू नका. मामा मात्र ओलांडून अर्ध्यात आले होते. एका हातात पिशवी, दुसरा हात ट्रकला दाखवलेला.

"थांबतंय की," मामा म्हणाले. "माणूस बगून थांबतंय."

त्यांच्या मागे काकू, म्हणजे अश्विनीची आई, आणि काकूंचा दंड धरून अश्विनी. पायात स्पोर्ट शूज. दिवसभर चालायचं असेल तर हेच घालून या. मी नव्या चपला घातल्या होत्या आणि दुपारपर्यंत दोन्ही टाचा सोलल्या.

घरी आंघोळी, पोहे, चहा. बाबा सिक्युरिटीत आहेत, त्यांना गुरुवारही नसतो. आई स्वयंपाकाला थांबली. नऊला आम्ही निघालो. पुढे मामा, मध्ये काकू, अश्विनी आणि मी, मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन दादा. दिघीतून निघताना मामांनी व्हिडिओ काढायला फोन वर केला.

"खाली घ्या पाव्हणं," काका म्हणाले. "मिल्ट्रीची भिंत हाय. उगाच एखादा जवान यायचा इचारायला."

मामांनी फोन मांडीवर ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला. "कंपनी कवा दावणार?"

"आज गुरुवार ना मामा," मी म्हणाले. "सगळं बंद."

"बंद का असंना. गेट तर ऱ्हाईल की जागेवर."

मागे दादा खोकला. गेटवर गुरुवारीसुद्धा वॉचमन असतो, तो दादाला नावानिशी ओळखतो. आणि गेटशेजारच्या बोर्डावर ठेकेदाराने पास संपत आलेल्यांची यादी लावलेली असते. दादाचं नाव त्यात होतं.

पहिलं ठिकाण चिंचवडचं मोरया मंदिर. पवनेच्या काठावर. सकाळी दहाच्या आत गेलात तर शांतपणे दर्शन होतं. नदीची पातळी बघून मगच घाटावर उतरा, पावसाळ्यात पाणी वर येतं. काकू बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. आम्ही बाहेर आलो तेव्हा मामा आणि बाळूकाका गाडीला टेकून बोलत होते.

"पोरगा कायम हाय म्हणं," मामा म्हणत होते.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "कायम? माझ्या बापाची अकरा एकर कायम होती पाव्हणं. तिथं आता पत्र्याचं शेड हाय. मला कायमचं नका इचारू."

"तसं न्हाई, नोकरीचं म्हणायलो मी."

"मी पोराचं सांगतो. दारू न्हाई. पाण्याची टाकी सोता वर चढून साफ करतो. बारा बिऱ्हाडं ऱ्हात्यात माझ्या चाळीत, दुसरा कुणी चढत न्हाई. बसा, उशीर हुतोय."

काका खोटं बोलले नाहीत. मला ते जमेल का, असा विचार मनात आला आणि मी तो तिथेच सोडून गाडीत बसले.

पिंपरीहून मेट्रो. हे पाहुण्यांना सगळ्यात जास्त आवडतं आणि सगळ्यात स्वस्त पडतं, माणशी एका बाजूचे तीसच्या आसपास. गाडी स्टेशनजवळ लावा, सिव्हिल कोर्टापर्यंत जा, तिथले खोल खोल जाणारे सरकते जिने बघा आणि परत या. वयस्कर माणसांना जिन्यावर एकेकट्याने पाठवू नका. काकूंना आम्ही लिफ्टने नेलं.

पण त्याआधी तपासणी. खिशातलं सगळं ट्रेमध्ये काढून ठेवायचं असतं. दादाने मोबाइल ठेवला, किल्ल्या ठेवल्या आणि पिवळ्या फितीचं गेटपासचं कार्डही ठेवलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते त्याच्या खिशात असतं. एकदा घरी विसरलं तर गेटवरून परत यावं लागलं होतं, तेव्हापासून. कार्ड ट्रेमध्ये उताणं पडलं. वर ठेकेदाराचं नाव ठळक, खाली दादाचा फोटो. मामा बरोब्बर मागे उभे होते, पाकीट हातात, त्याच ट्रेवर वाकलेले.

मी माझी पर्स त्यावर टाकली.

"अगं, हळू," मामा म्हणाले. "फुटंल काहीतरी."

पलीकडे दादाने कार्ड उचललं, खिशात घातलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पण मला वाटलं रागाने बघितलं असतं तर बरं.

मेट्रोत अश्विनी माझ्या शेजारी बसली होती, दादा समोर दांडी धरून उभा. ती जे विचारत होती ते सगळं कामाचं होतं. तुमच्या खोलीला भाडं किती? पाणी रोज येतं का? इथे नर्सिंग झालेल्या मुलीला नोकरी मिळायला किती दिवस लागतात? मी उत्तरं देत गेले. मग तिने वर बघून दादाला विचारलं, "तुम्ही उभ्यानेच काम करता?"

"हो. पूर्ण शिफ्ट."

"पाय दुखत नाहीत?"

"पहिली दोन वर्षं दुखायचे."

"आता?"

"आता सुट्टीच्या दिवशी दुखतात."

ती हसली. दादाही हसला. तोपर्यंत हा दिवस नीट पार पडावा एवढंच मला हवं होतं. आता ह्या मुलीला काहीतरी विकतोय असं वाटू लागलं.

जेवण निगडीत केलं. मोठ्या हॉटेलच्या नादी लागू नका, कामगार जिथे जेवतात तिथली थाळी घ्या, शंभर-सव्वाशेत पोट भरतं आणि भाकरी गरम येते. मग भक्ती-शक्ती. उंच झेंडा, पुतळे, बाग, मुलांसाठी मोकळी जागा.

आणि इथे माझी मोठी चूक माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी गुरुवार निवडला कारण गेट बंद. शिफ्टची गर्दी नाही, बसमधून उतरणारे युनिफॉर्म नाहीत. पण गेट बंद म्हणजे माणसं कुठे जातात? ती इथे येतात. आख्खं चाकण, आख्खी भोसरी बायकामुलांना घेऊन त्या बागेत आली होती. लातूरचे, नांदेडचे, परभणीचे, दादाच्या लाइनवरचे, दादाच्या बसमधले. कंपनी लपवायला मी नेमका तो दिवस निवडला होता ज्या दिवशी सगळी कंपनी फिरायला निघते.

"ए महेश!" झेंड्याच्या बाजूने कोणीतरी ओरडलं.

दादाने मान वळवली नाही.

"तुमाला हाक मारायलेत," मामा म्हणाले.

"महेश खूप आहेत मामा इथे," मी म्हणाले. "चला, ऊन वाढलंय. देहूला सावली आहे."

देहूरोडवरून देहू अर्धा तास. गाथा मंदिर गार असतं, दुपारी तिथेच बसावं. आत चप्पल नाही, त्यामुळे आवारातली फरशी तापायच्या आत जा किंवा मोजे ठेवा. इंद्रायणीच्या घाटावर माशांना खायला घालतात. दहा रुपयांना पिठाच्या गोळ्या मिळतात, मासे एवढे मोठे की पाणी उकळल्यासारखं दिसतं. पायऱ्या शेवाळाच्या आहेत, खालच्या दोन पायऱ्यांवर जाऊ नका. मामा शेवटच्या पायरीवर होते.

सोमनाथ मागून आला. दादाच्या लाइनवर त्याच्या शेजारी उभा राहणारा, कडेवर लहान मुलगी. त्याने दादाच्या पाठीत थाप मारली.

"भावा! मघाशी झेंड्यापाशी हाका मारत होतो, बघितलं नाहीस. पास वाढला का तुझा? माझा केला राव त्याने, आणखी सहा महिने."

मामांचा हात पाण्यावर थांबला. गोळी हातातच राहिली. मी सोमनाथकडे बघितलं. त्याने माझ्याकडे, नव्या साडीतल्या काकूंकडे, अश्विनीकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. भल्या मनाचा माणूस आहे. आणि भली माणसं अशा वेळी फार करतात.

"अहो, तुम्ही मुलीकडचे का? नमस्कार, नमस्कार! आम्ही ठेकेदाराची माणसं हो, आमच्या पासचं रडगाणं. महेशभाऊंचं तसं नाही. हे कंपनीचे. आमचे साहेबच म्हणा."

"साहेब?" मामा वर आले. "मग क्वार्टर-बिर्टर?"

"मिळेल की! यांना नाही मिळणार तर कोणाला?"

मामांनी उरलेल्या सगळ्या गोळ्या एकदम पाण्यात टाकल्या आणि हात झटकले. दिवसभरात मी त्यांना इतकं खूश झालेलं बघितलं नव्हतं. काकूंनी नदीच्या दिशेने हात जोडले आणि डोळे पुसले. अश्विनी दादाकडे बघत होती. दादा पाण्याकडे.

परतीचा रस्ता मी देहू-आळंदी रोडने धरला होता. तळवडे, मोशी आणि घर. तळवड्याच्या चौकातून डावीकडे एक रस्ता चाकणला जातो. एरवी तिथे कंटेनरच्या रांगेत अर्धा तास जातो. गुरुवारी चौक मोकळा असतो. त्या दिवशी मला रांग हवी होती.

"डावीकडं चाकण न्हवं?" मामांनी पाटी वाचली. "घ्या गाडी. साहेबाची कंपनी बगितल्याबिगर मी काय जात न्हाई."

"मामा, उशीर होईल, बस आहे साडेसातची," मी म्हणाले.

"आता तर साडेचारच वाजायलेत."

बाळूकाकांनी डावा इंडिकेटर लावला. आरशातून माझ्याकडे बघितलं. इंडिकेटर टकटकत राहिला.

"काका," मागून दादा म्हणाला, "गाडी बाजूला घ्या."

काकांनी टपरीपाशी गाडी लावली. दादाने मागून हात लांब करून कार्ड मामांच्या खांद्यावरून पुढे केलं. "हे वाचा मामा."

मामांनी ते हात लांब करून धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. चष्मा पिशवीत होता. त्यांनी ते मागे काकूंना दिलं, काकूंनी अश्विनीला.

अश्विनीने वाचलं. सगळं वाचलं, सावकाश, शाळेत उभं राहून वाचतात तसं. ठेकेदाराचं नाव. दादाचं नाव. कंत्राटी कामगार. मुदत, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत.

"मी कायम नाही," दादा म्हणाला. "साहेबही नाही. सोमनाथ माझ्यासाठी बोलला, त्याचा राग धरू नका."

मामा पुढेच बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. "मग कागदावर कसं हाय कायम?"

मी वाट बघितली, दादा सांगेल म्हणून. तो सांगणार नव्हता.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "दादा नको म्हणत होता."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "लेकराच्या जल्माचं हाय बाई हे," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

अश्विनीने कार्ड उलटं करून बघितलं, मागे काही नव्हतं. मग मान मागे वळवली. "मुदत संपल्यावर काय होतं?"

"पंधरा दिवस घरी. मग नवा पास. सहा वर्षं असंच चाललंय."

"आणि नाही दिला तर?"

"तर दुसरी कंपनी बघायची."

तिने कार्ड त्याच्या हातात परत दिलं. टपरीवरचा माणूस चहा हवा का विचारायला आला, काकांनी हातानेच नको सांगितलं.

"काय करू पाव्हणं?" काका म्हणाले. "डावीकडं का सरळ?"

मामांनी डावीकडच्या पाटीकडे पुन्हा एकदा बघितलं.

"सरळ," ते म्हणाले.

घरी आईने पुरण घातलं होतं. पाहुणे चहा प्यायले, बसची वेळ झाली म्हणाले. आईला काही माहीत नव्हतं, पण तिने तोंडं बघितली. पोळ्या कागदात बांधल्या, वर तुपाची लहान डबी. काकूंनी पुडकं घेतलं. नाकारलं नाही, एवढं मी लक्षात ठेवलंय. साडेसातला नाशिक फाट्यावर मामांनी दादाशी हात मिळवला, माझ्याशी बोलले नाहीत आणि बस गेली.

पुढच्या गुरुवारी फोन आला. आईने घेतला. मामा म्हणाले, पत्रिका जुळंना झालीय बगा. आई बरं बरं म्हणाली आणि फोन ठेवून आमच्याकडे बघत राहिली. दादाची पत्रिका आम्ही कधी केलेलीच नाही. त्याची जन्मवेळ आईला आठवत नाही, दिवे लागले होते एवढंच आठवतं. मला हसू येत होतं आणि ते रडण्याच्या फार जवळ होतं.

"चांगली माणसं आहेत," दादा म्हणाला. "उगाच तोंडावर पाडलं नाही."

मग त्याने माझा लॅपटॉप ओढला आणि एका बोटाने टाइप करत बसला. नोकरीच्या पुढे आता असं आहे: चाकण, ठेकेदारामार्फत, सहा वर्षे एकाच लाइनवर. मी म्हणाले, निदान वाक्य तरी नीट करू दे. तो म्हणाला, हात लावू नकोस. तो बायोडाटा आता फिरतोय. फोन कमी येतात. जे येतात त्यांच्याशी तो स्वतः बोलतो.

मार्ग मात्र चांगला आहे, तुम्ही जरूर करा. मोरया, मेट्रो, निगडीची थाळी, देहूचे मासे. एका दिवसात आरामात होतं, पाच माणसांचा सगळा खर्च गाडी धरून पाच हजारांच्या आत. गुरुवारी रस्ते मोकळे मिळतात. फक्त ओळखीचं कोणी भेटू नये अशी इच्छा असेल तर दुसरा वार बघा.

हे सगळं टाकण्याआधी मी दादाला वाचायला दिलं. त्याची परवानगी हवी होती. त्याने मोबाइलवर सगळं वाचलं, सोमनाथच्या भागाला हसला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. नाशिक फाट्यावर बस सुटताना अश्विनीने खिडकीतून मागे वळून त्याच्याकडे बघितलं, असं मी लिहिलं होतं.

"नाही बघितलं तिने," दादा म्हणाला.

"तुला काय माहीत? तू तर..."

"मी बस दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा होतो रेणू. नाही बघितलं."

मी ते वाक्य काढलं.